निंबोळी अर्क चालतो का? कशावर, कधी आणि किती ते आधी बोलू



लिंबाखाली पिवळा सडा पडायला लागलाय. आमच्याकडं सांगोल्याच्या बाजूला लिंब म्हटलं की कडुलिंबच, खायच्या फळाला आम्ही लिंबू म्हणतो. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. दोन जोराचे पाऊस झाले की हा सडा मातीत जातोय आणि मग सप्टेंबरात, हस्त बहाराची फुलं निघाली की, तीच मंडळी फोन करतात, "निंबोळी पावडर कुठं मिळंल हो?" म्हणून आजच लिहितोय.

डाळिंबवाल्यांत सध्या दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, दशपर्णी आणि निंबोळी मारा, सगळी कीड जाते, कंपन्यांची औषधं बंद करा. दुसरी म्हणते, पाला उकळून कुठं थ्रिप्स मरतो काय, ते सगळं भाषणापुरतं. ह्या दुसऱ्या पार्टीत दुकानदार तर आहेतच, पण आमचे काही शिकलेले साहेब लोकही आहेत. ते वेळापत्रकात निंबोळी अर्क लिहितात खरे, पण लिहायचा म्हणून. वीस ओळींच्या तक्त्यात एक ओळ. तो कसा करायचा, कितव्या महिन्यातली बी घ्यायची, कुठल्या पाण्यात, दिवसाच्या कुठल्या वेळेला, ह्याचा पत्ता नाही. मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही.

आधी ह्यात काम कोण करतं ते समजून घेऊ. लिंबाच्या बियांच्या गरात ॲझाडिरॅक्टिन म्हणून द्रव्य असतं. पाल्यात ते अगदी थोडं, खरा साठा बियांत. हे द्रव्य किडीला जागेवर पाडत नाही. खायची वासना मारतं, आणि अळी किंवा पिल्लू कात टाकताना त्यात बिघाड करतं. पिल्लू मोठं होत नाही, मादी अंडी कमी घालते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६२ साली टोळधाड आली तेव्हा डॉ. प्रधान आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी निंबोळी गराचं पाणी पिकावर मारून बघितलं होतं. टोळ पिकावर उतरले, पण खाल्लं नाही. टोळ मेले नाहीत, हे ध्यानात घ्या. पीक वाचलं.

आपला शेतकरी मात्र संध्याकाळी फवारतो आणि सकाळी बागेत जाऊन मेलेली कीड शोधतो. ती दिसली नाही की म्हणतो फेल गेलं. अर्काचा हिशोब चार-सहा दिवसांनी करायचा. पांढरा कागद घ्या, त्यावर कोवळा शेंडा चार वेळा झटका आणि पडलेले फुलकिडे मोजा. फवारणीच्या आदल्या दिवशी मोजा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत मोजा. बागेच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी झाडं ठरवून घ्या, दर वेळी त्याच झाडांवर. वहीत लिहा. दोन ओळी बिनफवाऱ्याच्या सोडा, नाहीतर अर्कानं कमी झाले की थंडीनं, ते कळत नाही. एवढं करणारा शंभरात एक सापडतो आणि "चालतं" किंवा "चालत नाही" हे मात्र शंभरच्या शंभर छातीठोक सांगतात.

आता डाळिंबात हा कशावर चालतो. फुलकिडे, मावा, पांढरी माशी, ह्यांची पिल्लं असताना चांगला चालतो. सुरसा अळीवर चालतो, पण तिची वेळ चुकवली तर गेलाच. सुरसाचं फुलपाखरू फुलावर, लहान फळावर, पाकळीच्या बुडाशी अंडं घालतं. अळी निघाली की भोक पाडून आत शिरते, आणि एकदा आत गेली की वरून दशपर्णी मारा नाहीतर चार हजाराची बाटली मारा, तिला काही फरक पडत नाही. फुलं निघायला लागली की पहिला अर्क, मग सेटिंग होईपर्यंत दहा-पंधरा दिवसांनी. अळीनं भोक पाडलेली फळं तोडून लांब पुरायची, बांधावर फेकायची नाहीत. पिठ्या ढेकणावर फक्त त्याची बारीक पिल्लं रांगत असतानाच उपयोग आहे. एकदा अंगावर मेण चढलं की अर्क वरून ओघळून जातो. आणि मुंग्या बंद केल्याशिवाय पिठ्या आटोक्यात येत नाही हेही त्यातच आलं.

कशावर चालत नाही तेही स्पष्ट सांगतो, कारण इथंच बागा गेल्यात. तेल्या ही कीड नाही, तो जिवाणूचा रोग. निंबोळी अर्कानं तेल्या जातो म्हणून कोणी सांगितलं तर त्याला हात जोडा. आणि पिन होल बोरर. आमच्या सांगोला, आटपाडी, पंढरपूर भागात ह्या बारक्या भुंग्यानं मागच्या काही वर्षांत बागाच्या बागा उपटायला लावल्या. तो खोडात टाचणीएवढं भोक पाडून आत बसतो, आत बुरशी वाढवतो, तिच्यावर जगतो. पानावर मारलेला अर्क त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला खोडाला मुलामा, मुळाशी आळवणी, जास्त गेलेलं झाड काढून जाळणं, हाच रस्ता, आणि त्यातली औषधं संशोधन केंद्राच्या शिफारशीनं. सोलापूरला केगावात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, तिथं विचारा. आमच्या भागात काही जणांनी "पूर्ण नैसर्गिक" म्हणून खोडावर नुसता दशपर्णीचा फवारा मारत दोन महिने घालवले. त्या दोन महिन्यांत बोरर शेजाऱ्याच्या बागेत गेला. माझं म्हणणं असं की आपल्या तत्त्वासाठी आपली बाग पणाला लावायची मुभा आहे, शेजाऱ्याची नाही.

दशपर्णीबद्दल लिहिलं की लोक रागावतात, पण लिहितो. दहा पाले, शेण, गोमूत्र, मिरची, लसूण, दोनशे लिटरचं टिपाड, महिनाभर ढवळायचं. मी ह्याच्या विरोधात नाही. वासानं किडीला थोडं हुसकावतं, मिरची-लसणाचा झटका बसतो. पण माझ्या टिपाडातलं आणि तुमच्या टिपाडातलं एक नसतं. पाला पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, कोवळा की जून, किती दिवस कुजवला, सगळं वेगळं. मग एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही आणि दोघंही खरं बोलत असतात. निंबोळी अर्काचं माप ठरलेलं आहे, पाच टक्के. म्हणून दोन्हीतलं एकच करायला वेळ असेल तर मी निंबोळी धरीन.

दशपर्णीत कण्हेर घालतात. कण्हेर माणसाच्या काळजावर जाते, जनावर पाला खाऊन मरतं. ढवळणाऱ्या बाईच्या हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही, टिपाड गोठ्याच्या दारात उघडं, आणि म्हणे नैसर्गिक आहे, काही होत नाही. तसंच तंबाखूचं. अग्निअस्त्रात तंबाखू उकळतात. त्यातलं निकोटिन हे जहरच आहे, ते पानातून आलं म्हणून सौम्य होत नाही. निकोटिन सल्फेट हे औषध आपल्या देशात वापरायला बंद केलेलं आहे, त्याला काही कारण असेल की नाही? युरोपात माल जाणार असेल तर निकोटिनचाही अंश तपासतात. निर्यातीच्या बागेत तंबाखूचा काढा नको, असं माझं सरळ मत आहे. काढणीच्या महिनाभर आधीपासून शेण-गोमूत्राचंही काही फळावर मारू नये. लोक ते फळ हातात घेऊन सोलतात.

एक गंमत बघा. दशपर्णीला गुळवेल लागते म्हणून बरेच जण बांधावर, कुंपणावर गुळवेल चढवतात. पावसाळ्याच्या शेवटी पिकत्या डाळिंबाला रात्री येऊन टोचणारा जो रस शोषणारा पतंग आहे, त्याच्या अळ्या वाढतात कशावर? गुळवेलीवर आणि वासनवेलीवर! म्हणजे एका टिपाडाच्या औषधासाठी आपण चोराला घरात जेवायला घालतोय. मृग बहार धरणाऱ्यानं बागेभोवतीची गुळवेल, वासनवेल काढून टाकलेली बरी. गुळवेल लागलीच तर लांबच्या ओढ्यातून आणा. ह्या पतंगावर फवाऱ्याचा उपयोग तसाही कमी, तो बाहेरून रात्री येतो, टोचतो आणि जातो. संध्याकाळी धूर करणं आणि गळालेली फळं रोज उचलणं हेच त्यातल्या त्यात.

आता निंबोळीच्या वयाचं. ह्या पोस्टमधलं सगळं विसरलात तरी एवढं ध्यानात ठेवा. बी गोळा करून वाळवल्यावर साधारण तीन महिन्यांनंतर आणि आठ महिन्यांच्या आत वापरलेली चांगली. पुढं गर जुना होतो, जोर उतरतो. हिशोब करा. जून-जुलैची निंबोळी हस्त बहाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलाला, बरोबर वयात येते. आंबे बहाराला, जानेवारी-फेब्रुवारीला, शेवटच्या टप्प्यात असते पण चालते. मृग बहाराला मात्र जुनी बी वर्षाची झालेली असते आणि नवी अजून तयार नसते. वर पाऊस, मारलेलं धुऊन जातं. मृगवाले सगळ्यात जास्त ओरडतात की अर्क चालत नाही, त्याचं अर्धं कारण हे आहे. त्यांनी नोंदणी असलेलं तयार ॲझाडिरॅक्टिन घ्यावं, त्यावर तयार केल्याची तारीख आणि पीपीएम बघावं. ३०० पीपीएमही मिळतं आणि १०,००० पीपीएमही मिळतं, नाव दोन्हीवर नीमच असतं. ३०० ची बाटली घेऊन १०,००० च्या मापानं टाकली तर ते पाणीच झालं.

करायची रीत बहुतेकांना माहिती आहे, तरी मापात घोळ होतो म्हणून लिहितो. पाच किलो निंबोळी गर जाडसर कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. वेगळं एक लिटर पाणी घेऊन त्यात दोनशे ग्रॅम साबण. सकाळी फडक्यातून चांगलं पिळून गाळायचं, साबणाचं पाणी मिसळायचं, एकूण दहा लिटर करायचं. ह्यातलं एक लिटर नऊ लिटर पाण्यात. म्हणजे पाच किलोत शंभर लिटर फवारा, पाच टक्के. पाच किलो हे आतल्या गराचं वजन आहे. टरफलासकट अख्खी बी दळून पाच किलो धरली तर गर निम्म्याच्या आसपासच पडतो आणि फवारा अडीच टक्क्याचा होतो. त्याच दिवशी वापरायचा. उरला म्हणून उद्यासाठी झाकून ठेवायचा नाही.

एकराचा हिशोब सांगतो. मोठ्या बागेला एकरी चारशे लिटर पाणी धरलं तर एका फवाऱ्याला वीस किलो गर लागतो. बहारात सहा फवारे म्हणजे सव्वा क्विंटलच्या जवळपास. हे एका माणसाच्या घरच्या एका लिंबावर भागत नाही. बायका-पोरं लावून गोळा करायला लागतं, धुवायला लागतं, सावलीत वाळवायला लागतं, फोडायला लागतं. "फुकटचं औषध" म्हणणाऱ्यानं एकदा दहा किलो निंबोळी वेचून दाखवावी, उन्हात, वाकून. ज्या बाया वेचतात त्यांना खुरपणीचा हजेरीचा दर मिळाला पाहिजे, हे माझं मत मी गावातही बोलतो आणि मला त्यावरून ऐकूनही घ्यावं लागतं.

पाण्याचं कोणी बोलत नाही. आमच्या बोअरचं पाणी जड आणि खारट, सामू आठाच्या वर. असल्या पाण्यात दोन गोष्टी होतात. एक, ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही, त्याला थोडं आंबट किंवा साधं पाणी लागतं. दोन, साबण फाटतो, दह्यासारखे कण होतात आणि नोझल बसतं. लोक वैतागून साबणच सोडून देतात, मग अर्क पानाला धरत नाही. शेततळ्यातलं पावसाचं पाणी असेल तर ते ह्या कामाला राखून ठेवा. नसेल तर सायट्रिक ॲसिड थोडं थोडं टाकून सामू साडेसहाच्या आसपास आणा, कागदाची पट्टी दुकानात मिळते. साबणाऐवजी रिठा भिजवून त्याचं पाणी घाला, तो जड पाण्यातही फेस धरतो. आमच्या आज्या लुगडी रिठ्यानंच धुवायच्या, त्यांना सामू माहिती नव्हता.

फवारायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. उन्हानं हे द्रव्य लवकर मोडतं, सकाळी दहाला मारलेलं दुपारपर्यंत बरंचसं गेलेलं असतं. दुसरं म्हणजे मधमाशी. डाळिंबाच्या फुलाला माशी पाहिजे, ती सकाळी कामावर असते. निंबोळी अर्क बऱ्याच औषधांपेक्षा तिला हलका आहे हे खरं, पण म्हणून ती फुलावर बसलेली असताना तिच्या अंगावर मारायचा नसतो. निंबोळी तेल मारणाऱ्यांना अजून एक, कडक उन्हात तेलानं कोवळी पानं करपतात. गंधक मारलेल्या बागेत लगोलग तेल घालू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आता ज्यावर माझा खरा राग आहे त्यावर येतो. दुकानात "हर्बल", "वनस्पतीजन्य", "शंभर टक्के ऑरगॅनिक" अशा बाटल्या मिळतात. वर झाडाचं चित्र, आत काय ते देवाला माहीत. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. कीड मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या औषधावर नोंदणी क्रमांक, आतल्या द्रव्याचं नाव, प्रमाण आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण पाहिजेच. ह्या बाटल्यांवर ह्यातलं काही नसतं. आणि फवारल्यावर दोन तासांत थ्रिप्स पटापट मरून पडतात! मंडळी, वर सांगितलं की निंबोळीचा अर्क असं काम करतच नाही. दोन तासांत मरतंय म्हणजे आत रसायन असल्याचा संशय घ्यायला प्रयोगशाळा कशाला पाहिजे?

आमच्या भागातल्या एका तरुण पोरानं निर्यातीसाठी बाग केली होती. भगवा, माल असा की बघत राहावं. शेवटच्या दोन महिन्यांत रसायन बंद, फक्त अशी एक "हर्बल" बाटली. काढणीच्या आधी नमुना तपासायला गेला आणि त्यात कीटकनाशकाचा अंश निघाला, जे त्यानं आयुष्यात विकत घेतलेलं नव्हतं. निर्यातदार माघारी फिरला. माल जागेवरच्या व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागला. दुकानदार म्हणाला शेजारच्या बागेतून उडून आलं असेल. पावती मागितली तर त्यावर नुसतं "टॉनिक" लिहिलेलं. त्या पोरानं त्या बहाराला सोसायटीचं कर्ज काढलेलं होतं, अजून फेडतोय.

२०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती ती क्लोरमेक्वाटच्या अंशानं. तेव्हा निदान आपण काय मारलं ते आपल्याला माहिती होतं. ह्या बाटल्यांत तेही माहिती नसतं, आणि नोंदवहीत शेतकरी प्रामाणिकपणे लिहितो "वनस्पती अर्क". खोटा तो ठरतो. बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. पावतीवर औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या, नाही लिहिला तर दुकान बदला. आणि गुण नियंत्रणवाल्या साहेबांना माझी विनंती आहे की नमुने नुसत्या रासायनिक औषधांचे आणि खतांचे नका घेऊ, ह्या झाडाच्या चित्राच्या बाटल्यांचेही घ्या.

युरोपात लिंबाच्या तेलावर दिलेलं पेटंट २००० साली रद्द झालं, २००५ साली त्याचं अपीलही फेटाळलं. आपण छाती फुगवली की लिंब आपला आहे. २०१५ पासून युरियालाही निमचं कोटिंग सक्तीचं झालं, तेव्हापासून निंबोळीला गिऱ्हाईक वाढलं, गुजरातमध्ये बायका हंगामात गोळा करून विकतात. आमच्याकडं मात्र रस्ता रुंद करायला लिंब, बांध सरळ करायला लिंब, जेसीबी आला की आधी लिंब आडवा. एका गावात एकरांनी डाळिंब आणि निंबोळीला लिंब मोजून अकरा, अशी स्थिती मी बघितलीय. तिथं साहेबांनी कितीही तक्ते वाटले तरी अर्क कशाचा करायचा?

आमच्या वस्तीवर ह्या वर्षी आम्ही सात जणांनी मिळून निंबोळी घ्यायची ठरवलीय. वेचणाऱ्या बायांना हजेरीनं पैसे, धुणं-वाळवणं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, फोडणं-दळणं गिरणीवाल्याकडं, आणि ज्याच्या बागेचा बहार आधी त्याला आधी गर. तुम्ही करणार असाल तर एवढं सांभाळा. पिवळी पिकलेलीच वेचा, हिरवी पाडू नका. वरचा चोथा त्याच दिवशी चोळून धुवा. उन्हात कडक करू नका, सावलीत पसरा, रोज हलवा. गोणपाटात भरा, प्लॅस्टिकच्या पोत्यात घाम येतो. काळी किंवा पांढरी बुरशी धरलेली बी दिसली तर ती चांगल्यात मिसळू नका, बाजूला काढून टाका. आणि पोत्यावर खडूनं महिना लिहा, म्हणजे फेब्रुवारीत पोतं उघडताना वय विचारत बसायला नको.